गळाचे शास्त्र आणि वर्गणीची नीती

१

समीक्षेने कविता, कथा, आत्मकथन यांच्याकडे पाहावे, बाजाराच्या भाषेकडे पाहण्याचे तिला कारण नाही, असा एक समज आपल्या विद्यापीठीय वर्तुळात अजून टिकून आहे. हा समज सोयीचा आहे, खरा नाही. आज महाविद्यालयातला विद्यार्थी दिवसभरात जो मजकूर सर्वांत अधिक वेळा वाचतो तो पाठ्यपुस्तकातला नाही, वर्तमानपत्रातला नाही आणि आपल्यासारख्या नियतकालिकातलाही नाही. तो मोबाईलच्या पडद्यावरचा आहे. 'मोफत सुरू करा', 'ही सवलत आज रात्री संपते', 'नको, मला पुढे जायचे नाही' ही वाक्ये आपोआप उगवलेली नाहीत. ती कोणीतरी बसून लिहिली आहेत, दहा वेळा बदलली आहेत, कोणत्या शब्दाने किती माणसे पैसे देतात हे मोजून ठेवली आहेत. त्यांना लेखक आहे, हेतू आहे आणि अभिप्रेत वाचकही आहे. ज्या मजकुराला या तीन गोष्टी आहेत त्याची चिकित्सा करण्याचा समीक्षेला अधिकार आहे. किंबहुना ती तिची जबाबदारी आहे.

मोबाईल ॲप तयार करणे आणि ते फुकट वापरणाऱ्या माणसाला पैसे भरणारा वर्गणीदार बनवणे, हे आज एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. त्याची पुस्तके आहेत, अभ्यासक्रम आहेत, सल्लागार आहेत. आपल्या वसतिगृहांतून संगणकाची पदवी घेऊन पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला गेलेली मुले-मुली हे शास्त्र नोकरीचा भाग म्हणून शिकतात. आणि त्यांचीच धाकटी भावंडे गावाकडे त्याच शास्त्राच्या दुसऱ्या टोकाला, हातात मोबाईल घेऊन बसलेली असतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंना आपली माणसे आहेत. म्हणून हा प्रश्न अमेरिकेतला आहे असे म्हणून बाजूला टाकता येत नाही.

या शास्त्राचा एक प्रमाणग्रंथ मानला जातो. नीर एयाल यांचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले 'हुक्ड'. नावाचा अर्थ 'गळाला लागलेला'. प्रस्तुत लेखात त्या ग्रंथाची भूमिका, तिला अनुभवाने दिलेले उत्तर आणि आपल्या भाषेतल्या 'वर्गणी' या शब्दाने तिला विचारलेला प्रश्न, अशा तीन अंगांनी विचार करावयाचा आहे.

२

एयाल यांची मांडणी थोडक्यात अशी. सवय लावणाऱ्या प्रत्येक वस्तूत चार पायऱ्यांचे एक चक्र असते. पहिली पायरी चिथावणीची: आधी बाहेरून, म्हणजे मोबाईलवर वाजणाऱ्या सूचनेने, आणि पुढे आतून, म्हणजे कंटाळा, एकटेपणा, अनिश्चितता अशा भावनांनी. दुसरी पायरी कृतीची: ती इतकी सोपी हवी की विचार करायला उसंत मिळू नये. तिसरी, बदलत्या बक्षिसाची: दर वेळी तेच मिळाले तर माणूस कंटाळतो, कधी मिळेल आणि कधी नाही अशी अवस्था ठेवली तर तो पुन्हा पुन्हा येतो. चौथी, गुंतवणुकीची: माणसाने स्वतःचे काहीतरी, माहिती, ओळखीपाळखी, वेळ, श्रम, त्या वस्तूत टाकावे, म्हणजे तिला सोडून जाणे त्याला जड होईल.

यातले काही अगदी नवे नाही. बदलत्या बक्षिसाचा नियम मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी पिंजऱ्यातल्या कबुतरांवर प्रयोग करून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मांडला होता. यंत्राने माणसाचे मन कसे वळवता येते याचा अभ्यास करण्यासाठी बी. जे. फॉग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९८ मध्ये एक प्रयोगशाळाच काढली होती. एयाल यांचे कर्तृत्व असे की त्यांनी हे विखुरलेले ज्ञान कारखानदाराला वापरता येईल अशा पाककृतीच्या रूपात आणले. पुस्तक सुबोध आहे, नेमके आहे, उदाहरणांनी भरलेले आहे. लेखक लबाडी करीत नाही. तो जे शिकवतो ते उघडपणे शिकवतो. त्याबद्दल त्याला श्रेय दिलेच पाहिजे. आपल्याकडे पुष्कळ शोषण असे असते की ते करणाऱ्याला त्याचे नावही उच्चारवत नाही.

तथापि या उघडेपणातच ग्रंथाची मर्यादा दिसते. त्यात 'वापरणारा' सर्वत्र आहे आणि कुठेच नाही. त्याला बोटे आहेत, भावना आहेत, दुबळे क्षण आहेत. पण त्याला घर नाही, उत्पन्न नाही, कर्ज नाही, भाषा नाही, इतिहास नाही. त्याचा एकटेपणा कुठून आला हा प्रश्न लेखक विचारीत नाही. तो एकटेपणा किती वाजता जागा होतो, एवढेच त्याला हवे आहे. परगावी एका खोलीत चार जणांबरोबर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाची अनिश्चितता ही सामाजिक वस्तू आहे. जागा किती, अर्ज किती, घरची अपेक्षा किती, यांतून ती घडते. या शास्त्राच्या हिशेबी ती केवळ आतली चिथावणी आहे. दुःखाचे कारण वजा करून दुःखाचा उपयोग तेवढा शिल्लक ठेवणे, ही या विचारसरणीची मूळ खोट आहे.

एयाल यांना नीतीचा प्रश्न पडलेला नाही असे नाही. त्यांनी त्यासाठी एक कोष्टकही दिले आहे. ॲप बनवणाऱ्याने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत: ही वस्तू मी स्वतः वापरीन काय? तिच्याने वापरणाऱ्याचे जीवन खरोखर सुधारेल काय? दोन्हींचे उत्तर 'होय' असेल तर तो साहाय्यक, दोन्हींचे 'नाही' असेल तर तो निव्वळ धंदेवाईक, आणि मध्ये आणखी दोन प्रकार. कोष्टक नीटस आहे. पण त्यात उत्तर देणारा कोण? बनवणाराच. ज्याच्या जीवनाविषयी निर्णय व्हायचा आहे त्याला या सभेत जागाच नाही. आरोपी, वकील आणि न्यायाधीश एकाच खुर्चीवर बसले आहेत. दुसऱ्याचे हित कशात आहे हे त्याला न विचारता ठरवणाऱ्या सज्जनांचा अनुभव आपल्या वाचकांना पिढ्यान् पिढ्या आहे. त्यामुळे या कोष्टकातली उणीव त्यांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

याच लेखकाने २०१९ मध्ये दुसरे पुस्तक लिहिले, ते लक्ष विचलित होऊ न देता कसे जगावे यावर. गळ कसा टाकावा आणि गळातून कसे सुटावे, ही दोन्ही पुस्तके एकाच लेखणीची. यात विसंगती नाही असे ते स्वतः म्हणू शकतील, कारण त्यांच्या मते शेवटी जबाबदारी माणसाची आहे. परंतु एका बाजूला शेकडो तज्ज्ञ, प्रयोग, मोजमापे आणि दुसऱ्या बाजूला एकट्या माणसाचा निग्रह, अशी ही लढत आहे. तिला समान लढत म्हणणे हे अर्थशास्त्र नव्हे आणि नीतिशास्त्र तर नव्हेच.

३

सवय आणि पैसा यांचा संबंध 'हुक्ड'मध्ये स्पष्ट सांगितला आहे. ज्याला सवय लागली तो किमतीबद्दल कुरकुर कमी करतो. म्हणून आधी सवय, मग दर. याचा दाखला म्हणून लेखकाने एव्हरनोट या ॲपचे उदाहरण दिले आहे. टिपणे काढून साठवण्याचे हे ॲप २००८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. मूळ सेवा मोफत, अधिक सोयींसाठी वर्गणी. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख फिल लिबिन यांनी मांडलेल्या आकड्यांप्रमाणे पहिल्या महिन्यात पैसे देणारे नगण्य होते, पण जे टिकून राहिले त्यांच्यापैकी बेचाळीस महिन्यांनंतर सुमारे २६ टक्के लोक पैसे देऊ लागले होते. जितकी टिपणे साठली तितके सोडणे अवघड झाले. एयाल यांच्या दृष्टीने हा चौथ्या पायरीचा विजय होय.

ग्रंथ येथे थांबतो. आयुष्य थांबले नाही. २०१६ मध्ये एव्हरनोटने दर वाढवले आणि फुकट वापरणाऱ्याला दोनच उपकरणांची मर्यादा घातली. २०२२ च्या नोव्हेंबरात बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीने एव्हरनोट विकत घेत असल्याचे जाहीर झाले. २०२३ मध्ये अमेरिका आणि चिली येथील बहुतेक नोकरांना कमी करण्यात आले, वर्गणीचे दर पुन्हा वाढले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मोफत खात्याला पन्नास टिपणे आणि एकच वही, एवढीच मुभा उरली. जुनी टिपणे पाहता, बदलता आणि बाहेर काढता येत होती, एवढे न्यायाने नमूद केले पाहिजे. पण मर्यादा ओलांडलेल्याला नवीन टिपण लिहायचे तर पैसे मोजणे भाग होते.

या घटनाक्रमाकडे नीट पाहिले तर ग्रंथाचे भाकीत अक्षरशः खरे झाले आहे. सवय लागली, किमतीची लवचीकता आली. पण ती लवचीकता कोणाच्या मालकीची? टिपणे लिहिली वापरणाऱ्याने, वर्षानुवर्षांचे श्रम त्याचे, आणि त्या श्रमांच्या जोरावर दर ठरवण्याची सत्ता मालकाकडे. मालक बदलला तेव्हा लिहिणाऱ्यांची ती सवयही जणू मालमत्तेच्या यादीतून नव्या मालकाकडे गेली. ज्यांनी ती सेवा उभी केली त्या नोकरांनाही त्या सवयीचा वाटा मिळाला नाही. गळाच्या शास्त्रात 'गुंतवणूक' हा शब्द उलटा वापरला आहे. एरवी गुंतवणूक करणाऱ्याचा हक्क वाढतो. येथे गुंतवणूक करणाऱ्याचा हक्क घटतो, फक्त त्याचे जाणे महाग होते. कोठार ज्याचे, धान्य त्याचे, हा न्याय शेतकऱ्याला नवा नाही.

४

आता भाषेकडे येऊ. या धंद्यात माणसांच्या प्रवासाला 'फनेल', म्हणजे नरसाळे म्हणतात. वरून हजारो ओतायचे, खाली काही थेंब पैशाचे पडतात. मध्येच निघून जाणाऱ्यांना ते जे म्हणतात त्याला मराठीत नेमका शब्द आहे: गळती. शिक्षकाला हा शब्द चांगला ठाऊक आहे. शाळेतली गळती मोजताना आपण विचारतो की मूल का गेले: फी, अंतर, घरचे काम, वर्गातला अपमान? गळतीचा दोष आपण शाळेच्या माथी मारतो, निदान मारायला हवा. ॲपच्या हिशेबात मात्र गळती बुजवायची ती बाहेरचे दार अरुंद करून.

याचा पुरावा न्यायालयीन कागदांत आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये ॲमेझॉनविरुद्ध दावा लावला. आरोप असा की प्राइम ही वर्गणी एक-दोन टिचक्यांत घेता येत होती, पण रद्द करायला चार पाने, सहा टिचक्या आणि पंधरा पर्याय ओलांडावे लागत. कंपनीच्या आत या मार्गाला दिलेले नाव होते 'इलियड'. साहित्याच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. होमरच्या महाकाव्याचे नाव, दहा वर्षांच्या युद्धाची गाथा, आणि ती कशाला? तर एका गिऱ्हाइकाला 'आता नको' म्हणता येऊ नये म्हणून. अभिजात वाङ्मयाने माणूस सुसंस्कृत होतो असे आम्हांला शिकवले गेले. वाङ्मय वाचणे वेगळे आणि त्यातली वेदना कळणे वेगळे, हे या नावाने सिद्ध केले. सप्टेंबर २०२५ मध्ये हे प्रकरण अडीच अब्ज डॉलरवर मिटले. त्यांतले दीड अब्ज गिऱ्हाइकांना परत द्यायचे होते. कंपनीने चूक कबूल केली नाही.

नकाराची भाषा हा या मजकुराचा सर्वांत बोलका भाग आहे. होकाराचे बटण मोठे, रंगीत. नकाराचे अक्षर बारीक, करडे, आणि त्यात नकार देणाऱ्याचा अपमान कालवलेला. भारत सरकारने फसव्या रचनांविरुद्ध काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत उदाहरण दिले आहे ते असे: विमानाचे तिकीट काढताना विमा नको असेल तर प्रवाशाने 'मी असुरक्षित राहीन' अशा अर्थाच्या वाक्यावर बोट ठेवायचे. परीक्षेच्या तयारीच्या ॲपांत याचीच भावंडे भेटतात. वर्गणी नको म्हणणाऱ्या मुलाला 'मला यश नको' असे कबूल करायला लावणारे पडदे माझ्या विद्यार्थ्यांनी मला दाखवले आहेत. ज्याच्या घरात अजून कोणी अधिकारी झालेला नाही त्या मुलाला हे वाक्य कसे लागते, हे लिहिणाऱ्याला माहीत नसेल, किंवा चांगलेच माहीत असेल. दोन्ही शक्यता सारख्याच गंभीर आहेत.

दरपत्रकही एक मजकूरच आहे. वर्षाची वर्गणी आधीच निवडून ठेवलेली, तिच्याखाली 'महिन्याला फक्त इतके' असा आकडा मोठ्या अक्षरांत, आणि एकरकमी भरायची खरी रक्कम खाली बारीक. महिन्याची वर्गणी घ्यावी तर दर कितीतरी चढा. म्हणजे ज्याच्याकडे एकरकमी पैसे नाहीत त्याला तीच वस्तू महाग. रोज चहाची पुडी आणणाऱ्या घराला किलोने चहा घेणाऱ्या घरापेक्षा चहा महाग पडतो, हे गणित आपल्या आयांना कागदाशिवाय येत होते. पडद्यावर ते 'बचत' या नावाने येते.

आणि मोफत मुदतीची रीत पाहा. सात दिवस फुकट, पण आधी कार्डाचा क्रमांक किंवा यूपीआयची मंजुरी द्या. सात दिवसांनी माणूस काही बोलला नाही की पैसे कापले जातात. येथे मौनाला संमती मानले आहे. हा करार आठवणीवर उभा राहत नाही. तो विसरण्यावर उभा आहे. ज्या उत्पन्नाचा एक भाग माणसे विसरली म्हणून येतो, त्याला विक्री म्हणावे काय?

५

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. ॲप बनवायला श्रम लागतात. ते श्रम फुकट कसे मिळावेत? श्रमाच्या मोबदल्याचा आग्रह धरणाऱ्या चळवळीच्या वाचकांनी तरी हा प्रश्न झटकून टाकू नये. ॲपलचे ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये सुरू झाले तेव्हा एकदा पैसे देऊन ॲप घेण्याची रीत होती. पुढे किमती घसरत गेल्या, माणसांना फुकटाची सवय झाली, आणि लहान कारागिराला वर्षानुवर्षे ॲप दुरुस्त करीत राहायला उत्पन्न उरले नाही. २०१६ मध्ये ॲपलने वर्गणीची पद्धत सर्व प्रकारच्या ॲपांना खुली केली आणि वर्गणीदार एक वर्षाहून अधिक टिकला तर स्वतःचे कमिशन ३० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणले. त्यामुळे माणसाला टिकवून धरण्यात बनवणाऱ्याचाही स्वार्थ गुंतला. दोष एका कारागिराच्या मनाचा नाही. बाजाराच्या फाटकावर जकात घेणाऱ्याने नियमच तसे बांधले आहेत.

शिवाय फुकट म्हणजे निर्दोष, असेही नाही. व्हॉट्सॲप एके काळी वर्षाला सुमारे एक डॉलर घेत असे. २०१४ मध्ये ते फेसबुकने विकत घेतले आणि जानेवारी २०१६ मध्ये ही वर्गणी रद्द झाली. लोकांना आनंद झाला. पण वर्षाला एक डॉलर मागणारा दुकानदार तुमच्याशी सरळ व्यवहार करीत होता. काहीच न मागणाऱ्याला तुमच्याकडून काय हवे आहे हे शोधत बसावे लागते. म्हणून माझी तक्रार वर्गणीविरुद्ध नाही. वर्गणीचे सोंग घेतलेल्या गळाविरुद्ध आहे.

वर्गणी हा शब्द आपल्याला कसा ठाऊक आहे ते आठवावे. वस्तीत जयंतीची वर्गणी गोळा होते तेव्हा पावतीपुस्तक असते. ज्याने अकरा रुपये दिले त्याचे नाव आणि ज्याने अकराशे दिले त्याचे नाव एकाच वहीत असते. पुढे सभेत जमाखर्च वाचला जातो, आणि मंडपाच्या भाड्यात घोळ दिसला तर अकरा रुपये देणारी म्हातारीही उभी राहून विचारते. वर्गणी देणारा येथे गिऱ्हाईक नसतो, तो भागीदार असतो. हे नेहमी आदर्श रीतीने चालते असे नाही, मंडळांचे घोटाळे आपल्याला माहीत आहेत. पण घोटाळ्याला घोटाळा म्हणता येते, कारण हिशेब मागण्याचा हक्क सर्वांना मान्य आहे.

नियतकालिकांची वर्गणी याच जातकुळीची. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारत'चा बहुतांश मजकूर बाबासाहेबांनी स्वतः लिहिला, आणि आर्थिक अडचणींनी तो १९२९ मध्ये बंद पडला. या इतिहासाकडे धंद्याच्या नजरेने पाहणारा म्हणेल की वर्गणीदार टिकवण्याचे शास्त्र त्यांच्याकडे नव्हते. खरे आहे. पण त्या पत्रांना वाचक सवयीने नको होता, जागा झालेला हवा होता. वाचक जागा झाला की तो प्रश्न विचारतो, आणि प्रश्न विचारणारा वाचक गळाला लागत नाही. जी पत्रे पैशाअभावी बंद पडली त्यांच्या वाचकांनी पुढे जे उभे केले, त्याची मोजणी कोणत्याही नरसाळ्यात होत नाही. अर्थात यावरून पैशाची तजवीज न करणे हा सद्गुण ठरत नाही. बंद पडणे ही हानीच होती. आदर्श आणि जमाखर्च या दोहोंची सांगड घालण्याचे काम तेव्हा अपुरे राहिले, ते आजही अपुरे आहे.

६

राज्यसंस्थेने या बाबतीत अगदीच काही केले नाही असे म्हणता येणार नाही. रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. त्यांप्रमाणे कार्डातून आपोआप पैसे कापण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी ग्राहकाला कळवणे बंधनकारक झाले, आणि ५,००० रुपयांवरच्या प्रत्येक वसुलीला नव्याने मंजुरी लागू लागली. ही मर्यादा जून २०२२ मध्ये १५,००० रुपये झाली. उद्योगाने 'अडथळा' म्हणून तक्रार केली. गळाच्या शास्त्रात अडथळा हे पाप आहे, कारण अडथळ्यापाशी माणूस विचार करतो. या नियमाने तेवढी उसंत परत दिली, हेच त्याचे मोल. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांचे तेरा प्रकार सांगून त्यांना मनाई केली. वर्गणीचा सापळा, नकार देणाऱ्याला लाजवणे, खोटी घाई, लपवलेली किंमत हे सारे त्यांत आहे. ग्राहकाला १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. आपल्या किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे? कायदा कागदावर असणे आणि तो वस्तीत पोचणे यांतले अंतर कार्यकर्त्यालाच चालावे लागते. महाविद्यालयात एक तास, वस्तीत एक सभा, मराठीत एक पानाचे पत्रक, एवढ्यानेही पुष्कळ होईल.

परंतु कायद्याने सापळे थांबतील, नीती येणार नाही. ती बनवणाऱ्याकडून यावी लागेल, आणि बनवणारे आता आपल्यांतही आहेत. त्यांनी एयाल यांच्या दोन प्रश्नांच्या जागी चार प्रश्न घ्यावेत असे मला सुचवावेसे वाटते. एक: आत येण्याच्या दाराइतकेच बाहेर जाण्याचे दार रुंद आहे काय? दोन: उद्या सर्व वर्गणीदारांना आपण पैसे भरतो आहोत याची आठवण करून दिली तर माझे उत्पन्न किती घटेल? जितके घटेल तितके ते माझे नव्हते. तीन: माणसाने माझ्या ॲपमध्ये जे लिहिले, साठवले, ते तो जाताना अखंड घेऊन जाऊ शकतो काय? चार: पूर्ण किंमत, तिची मुदत आणि ती थांबवण्याची रीत त्याच्या भाषेत, एकाच आकाराच्या अक्षरांत लिहिली आहे काय? एयाल यांच्या कोष्टकाची उत्तरे बनवणाऱ्याच्या मनात राहतात. या चार प्रश्नांची उत्तरे वापरणाऱ्यालाही तपासता येतात. दोहोंतला फरक एवढाच आहे, पण तोच निर्णायक आहे.

असे ॲप चालेल काय, असे विचारले जाईल. काही चालतील, काही बुडतील. प्रामाणिक दुकानेही बुडतात. पण नोकरीत बसून नकाराचे ते करडे वाक्य लिहिण्याची पाळी ज्या तरुणावर येईल, त्याने ते लिहिण्यापूर्वी वाचणारा कोण आहे हे एकदा ठरवून पाहावे. त्याला कोष्टकाची गरज पडणार नाही. तो वाचणारा त्याच्या ओळखीचा आहे. चार वर्षांपूर्वी त्याच खोलीत, त्याच परीक्षेची पुस्तके घेऊन तो स्वतः बसला होता.